चौथ्या लेनमधली शेजारीण

पैलवान रस्त्यानं निघाला की दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहतात, हे बघत मी कोल्हापुरात वाढले. वडिलांना कुस्तीचा नाद, भावाला क्रिकेटचा आणि मला दोन्हींचा, कारण घरात तिसऱ्या कशावर बोलायला कोणी मिळायचंच नाही. त्यामुळे ज्याला लोक ओळखतात तो खेळाडू, अशी माझी सरळ व्याख्या होती. चेन्नईत गेल्यावर ती मोडली, आणि तीही समोरच्याच दारात.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत मी दर्जा तपासायच्या खात्यात नोकरीला लागले आणि वेलचेरीत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्यानं घेतला. समोरच्या फ्लॅटमध्ये आई, मुलगा आणि मुलगी असं तिघांचं घर होतं. पहिल्याच दिवशी आई दारात आल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तुम्हीं पुण्याकडच्या की?" मी जरा ठसक्यात सांगितलं, कोल्हापूरची. त्या म्हणाल्या, "सेरि," म्हणजे बरं, "तेंही तिकडंच की." ही मंडळी तंजावरकडची. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेली मराठी त्यांच्या घरात अजून बोलली जायची, तमिळच्या चालीवर, आणि बोलता बोलता मधेच तमिळच व्हायची. आठवडाभरात मी त्यांना अम्मा म्हणायला लागले आणि त्या मला "जेवलीस की?" विचारायला लागल्या. परमुलखात याहून जास्त नातं लागत नाही.

त्या घरातला मुलगा क्रिकेट खेळायचा. शहराच्या लीगमध्ये, तिसऱ्या डिव्हिजनला, म्हणजे अगदी वरचं काही नव्हे. पण त्याचा रुबाब बघण्यासारखा. शनिवारी-रविवारी पांढरे कपडे घालून, किट स्कूटरवर आडवी टाकून तो निघाला की वॉचमन फाटकाची दोन्ही दारं उघडायचा. संध्याकाळी परतला की इस्त्रीवाला इस्त्री उभी ठेवून विचारणार, आज किती? केळीवाली विचारणार, जिंकलात ना? स्वभावानं लाघवी होता, सगळ्यांना थांबून सांगायचा. शून्यावर बाद झाला असला तरी गोष्ट रंगवून सांगायचा, आणि लोकांना ती शतकाइतकीच आवडायची.

मुलगी त्याच्याहून दोनेक वर्षांनी लहान. बँकेत काम करते एवढंच मला माहीत होतं. मी कंपनीच्या बससाठी खाली उतरायचे तेव्हा ती बाहेरून परत येत असायची, ओले केस, खांद्याला पिशवी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखे गोल वळ. वॉचमन तिच्यासाठी फाटकाचं एक दार अर्धं ढकलायचा. तिचे केस तांबूस होते आणि टोकांशी पार राठ झालेले. केस रंगवण्याची फॅशन नवीन होती तेव्हा. मला वाटलं, हिनंही हौस केली. दोन महिने मनात ठेवून शेवटी मी जिन्यात मोठेपणानं सांगितलंच, "अगं, रंगानं केस खराब होतात. खोबरेल लावत जा." ती मान हलवून म्हणाली, "लावते अक्का, रोज लावते. तरी क्लोरीन सोडत नाही."

आठशे मीटर पोहण्यात राज्यातली सगळ्यात चांगली वेळ तिच्या नावावर होती आणि ती बरीच वर्षं कोणाला मोडता आली नव्हती. बँकेतली नोकरीही पोहण्यावरच मिळालेली, खेळाडूंच्या जागेवर. हे मला तिनं सांगितलं नाही. इमारतीतही कोणी सांगितलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. भावाच्या तिसऱ्या डिव्हिजनच्या धावा तोंडपाठ असणाऱ्या माणसांना आपल्या जिन्यावरून राज्याची पहिली पोहणारी रोज चढते-उतरते याचा पत्ता नव्हता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खरं, पण इथं पिकतंय हेसुद्धा कोणी बघितलं नव्हतं. मला अम्मांकडून कळलं, तेही ओघात, डाळ निवडता निवडता.

त्याच सुमारास माझी पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, पोहा. वेलचेरीत पोहण्याचा मोठा तलाव होता, तिथं शिकाऊ बायकांची सकाळची बॅच होती. मी तिशीची बाई, पाण्यात कडेची नळी दोन्ही हातांनी धरून पाय मारत होते आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकत होते. तेव्हा मी तिला पहिल्यांदा पोहताना पाहिलं.

मी आजवर पाहिलेलं पोहणं म्हणजे रंकाळ्यात मुलांनी मारलेल्या उड्या आणि खळबळाट. इथं आवाजच नव्हता. एक हात पाण्यातून वर यायचा, पुढे जाऊन आत शिरायचा, मग दुसरा. कणीक मळायची सवय असलेल्या बाईच्या हाताला जशी घाई नसते तशी तिच्या हाताला नव्हती. तरी शेजारच्या लेनमधली पोरं तडफडून मागे पडत होती. भिंतीशी आली की ती गडप व्हायची आणि पुष्कळ पुढे जाऊन वर यायची. माझ्या बॅचचा तास संपला, बायका कपडे बदलून गेल्या, मी काठावर टॉवेल गुंडाळून बसूनच राहिले. त्या दिवशी माझी बस चुकली. मला त्याचं काही वाटलं नाही. 

पुढे मी तिच्या मागेच लागले म्हणायचं. रविवारी तिच्याबरोबर तलावावर जायचे, शेअर ऑटोत बसून परत यायचे आणि वाटेत भांडायचे. भांडायचे मी एकटीच. "तुझ्या भावाला केळीवाली ओळखते. तुला तुझा वॉचमन ओळखत नाही. तुला राग येत नाही?" ती बाहेर रस्त्याकडे बघत म्हणायची, "अण्णा खेळतो तें दिसतं अक्का. माझं काय दिसणार? एक हात." मी म्हणायचे, आमच्याकडे पैलवानाला दूधवाला फुकट दूध घालतो. ती हसायची. "पैलवान तोंड वर करून लढतात की. माझं तोंड पाण्यांत."

मला मात्र राग यायचा. आमच्या कंपनीत एका क्रिकेटपटूला कुठल्याशा समारंभाला बोलावलं होतं. तो संघातून गळून काही वर्षं झाली होती, तरी त्याच्या सहीसाठी इंजिनिअर लोक असेंब्ली लाइन सोडून धावले. क्रिकेटमध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस 'उगवता' असतो. ही सव्विसाची, तर तलावावरचे लोक विचारायचे, "अजून पोहतेस?" कारण बाकीच्या सगळ्या शाळा-कॉलेजातल्या मुली. तिच्या वयाची एकही उरली नव्हती.

आणि तिची वेळ भरत आली होती, ते वेगळ्या कारणानं. आदल्या वर्षी निवडीच्या ऐन तोंडावर तिला कावीळ झाली आणि राज्याच्या संघातली जागा गेली. बँक तिला सकाळी उशिरा यायची आणि दुपारी लवकर निघायची मुभा देत होती, ती राज्याच्या संघात आहे म्हणून. एक वर्ष त्यांनी सांभाळून घेतलं. यंदा तिनं निवडस्पर्धेत ठरलेल्या वेळेच्या आत आठशे मीटर पूर्ण केले तर मुभा चालू, नाहीतर पूर्णवेळ काउंटर आणि बाहेरगावी बदली. गावाचं नावही सांगून ठेवलं होतं. तिथं तलाव होता, पण देवळापुढचा, दगडी पायऱ्यांचा. अम्मांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता. "नाही झालं तर पोहणं राहिलं," त्या म्हणाल्या. "ती कांही बोलत नाही. जेवत मात्र कमी झाली."

निवडस्पर्धा रविवारी होती आणि नेमकी त्याच रविवारी भावाची मॅच. एरवी तिच्या मोठ्या शर्यतींना तो हजर असायचा, कारण त्याला तिथं एक काम असे. तलावाची एक लांबी म्हणजे एक लॅप, आणि आठशे मीटरला तसे सोळा लागतात. पोहणाऱ्याचं मोजणं चुकू नये म्हणून सुरुवातीच्या समोरच्या टोकाला, तिच्या लेनच्या काठावर, एक माणूस आकड्यांची पाटी घेऊन बसतो. किती लॅप उरले तो आकडा तो पाण्यात बुडवून धरतो. ती येते, आकडा बघते, गडप होऊन वळते, निघून जाते. मग तो आकडा बदलतो. लहानपणापासून तिच्या पाटीवर अण्णाच बसत आलेला. त्यानं शनिवारी संध्याकाळी पाटी आणून माझ्या हातात दिली.

"अक्का, ती वळून गेली की मगच आकडा बदलायचा. तोपर्यंत कोणी कांही सांगो, ऐकायचं नाही."

"मी दिवसभर मापंच घेते," मी म्हणाले. "मला काय शिकवतोस."

सकाळी तलावावर पोहोचले तर प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर आईबाप सोडून कोणी नव्हतं. पंचांचाही दुष्काळ होता. क्रिकेटला पंच पडून असतात आणि पोहण्याला मिळत नाहीत, म्हणून शर्यतीची घंटा वाजवायला क्रिकेटच्या लीगमधले एक निवृत्त अंपायर बोलावले होते. सत्तरीचे, पांढरी टोपी, कडक इस्त्रीची पँट. अण्णाला ते ओळखत होते. त्यांचं काम एवढंच, की पहिल्या नंबरवर असलेल्या मुलीचे शेवटचे दोन लॅप उरले की सुरुवातीच्या टोकाला घंटा वाजवायची. म्हणजे सगळ्यांना कळतं, आता शेवट. वेळ घ्यायला मात्र कुठून कुठून जमवून प्रत्येक लेनला तीन-तीन माणसं घड्याळं देऊन उभी केली होती.

ती चौथ्या लेनमध्ये. मी समोरच्या टोकाला गुडघ्यांवर बसले, पाटी पाण्यात. शिट्टी झाली, उडी झाली, आणि पन्नास मीटरवरून ती माझ्याकडे यायला लागली.

काठावरून पोहणं बघणं वेगळं आणि कोणीतरी थेट आपल्या हातांकडे पोहत येतंय हे बघणं वेगळं. पाण्याखाली तिचा चेहरा दिसायचा, गॉगलमधले डोळे दिसायचे, ती आकड्याकडे बघायची आणि लगेच तिचं सगळं शरीर गुंडाळलं जाऊन पाय माझ्यासमोर भिंतीवर आदळायचे. तो हादरा माझ्या गुडघ्यांना कळायचा. पंधरा. तेरा. अकरा. बाकीच्या मुली सुरुवातीला बरोबर होत्या, नंतर मागे पडत गेल्या. तिचा वेग मात्र पहिल्या लॅपला होता तोच. मी तिला महिनोन्महिने पोहताना पाहिलं होतं, पण असं नाही. ती त्या दिवशी पाण्याशी झगडतच नव्हती. पाणी आपणहून वाट देत होतं असं मला वाटलं.

माझं पाच दाखवून झालं होतं. ती पलीकडच्या टोकाला पोहोचली तेव्हा तिचे बारा लॅप झाले होते, चार उरले होते. आणि घंटा वाजली.

घंटेचा आवाज पाण्यावरून खणखणीत आला. सगळ्या तलावात गडबड उडाली. मागच्या मुलींनी जीव तोडून हात मारायला सुरुवात केली. माझ्या पाटीवर तीनचा आकडा होता आणि घंटेप्रमाणे तिथं एक हवा होता. माझ्या टोकाला वळण बघायला उभे असलेले गृहस्थ धावत आले आणि ओरडले, "एक लावा, एक! घंटा झाली!" मोजमाप हा माझा धंदा. तरी खरं सांगते, त्या घंटेपुढे मला वाटलं मीच चुकले. एवढे पंच, एवढी घड्याळं आणि मी कोण? कुठंतरी एकदा आकडा बदलायचा राहिला असेल. मी बोट आकड्याला लावलंसुद्धा. पण अण्णा म्हणाला होता ती गेल्यावरच, आणि ती तर येत होती. माझा हात हलला नाही. त्यात धैर्य बिर्य काही नव्हतं, मी घाबरून गोठले होते.

ती आली. तीन बघून गडप झाली, वळली, गेली. वेग तोच.

पलीकडच्या टोकाला तिचे चौदा लॅप झाले. तिथं तिच्या लेनवरच्या तिघांनीही वाकून घड्याळं थांबवली, कारण घंटेच्या हिशेबानं शर्यत संपली होती. तिनं भिंतीला पाय मारला आणि ती परत निघाली. मागून बाकीच्या मुली एकेक करून भिंतीला लागल्या आणि थांबल्या, लेनच्या दोऱ्यांना लोंबकळून धापा टाकत राहिल्या. सगळा तलाव स्थिर झाला आणि चौथ्या लेनमध्ये ती एकटी पोहत होती. कोणीतरी शिट्टी मारली. पायऱ्यांवर काही जण हसले. ती वेडी झाली असं लोकांना वाटलं. मी पाटीवर एक लावला आणि पाण्यात कोपरापर्यंत हात घातले. ती माझ्याकडे येत होती, त्याच चालीनं, आणि तेव्हा मला कळलं की चुकलेली ती नाही आणि मीही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लाजायचं कारण नव्हतं, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

तिनं सोळा पूर्ण केले. हात भिंतीला लावला, डोकं वर काढलं आणि घड्याळवाल्यांकडे बघितलं. ते तिघे एकमेकांकडे बघत होते. त्यांची घड्याळं केव्हाच थांबलेली होती.

मी धावत तिकडच्या टोकाला पोहोचेपर्यंत पंचांचा घोळका जमला होता. सगळ्यांची बेरीज झाल्यावर कळलं ते असं. त्या अंपायरांनी जन्मभर षटकं मोजली ती खड्यांनी. चेंडू पडला की एक खडा या खिशातून त्या खिशात. सहा झाले की षटक संपलं. इथंही त्यांनी तीच रीत ठेवली. ती त्यांच्या टोकाला आली की एक खडा. घंटा सातव्या खड्याला वाजवायची होती. पण चाळीस वर्षं सहाव्या खड्याला काहीतरी संपत आलेलं, आणि सहावा खडा खिशात पडल्याबरोबर त्यांचा हात घंटेकडे गेला. ते स्वतःच हे सांगत होते, तमिळमध्ये, टोपी हातात घेऊन. मी आधीच तापलेली. क्रिकेटवाल्यांनी माणसं पळवली, पैसा पळवला, पेपरची पानं पळवली, आता हिची शर्यतही पळवली, असं मी त्यांना मराठीत भरपूर सुनावलं. त्यांना शब्द कळले नसतील, पण ते मान खाली घालून ऐकत राहिले.

ती पाण्याबाहेर आली होती. माझ्या दंडाला तिचा गार हात लागला. "अक्का, पुरे," ती म्हणाली. "मला जरा निजूं दे."

मुख्य पंचांनी निर्णय दिला की शर्यत संध्याकाळी पुन्हा होईल. निर्णय नियमाला धरून होता. पण बाकीच्या मुलींचे दोन लॅप वाचले होते आणि हिचे नाही. हिनं सगळे आठशे मीटर पोहून काढले होते, आयुष्यात सगळ्यात वेगानं, आणि त्याची नोंद करणारं एकही घड्याळ जगात चालू नव्हतं. सव्विसाव्या वर्षी, काविळीतून उठलेल्या अंगानं, ते तिला काही तासांत परत करायचं होतं.

पत्र्याच्या शेडखाली एका बाकावर ती तोंडावर ओला टॉवेल टाकून झोपली. खरोखर झोपली. मी पाण्याच्या बाटल्या आणल्या, इडल्या आणल्या, वारा घातला, आणि मनात सगळ्यांना शिव्या दिल्या. दुपारी उठून तिनं दोन इडल्या आणि थोडा ताकभात खाल्ला. मी विचारलं, "घंटा ऐकलीस ना तू?"

"ऐकली की."

"मग थांबली का नाहीस? माझी पाटी बघितलीस म्हणून?"

तिनं माझं मन राखायला क्षणभर विचार केला. मग खरं तेच म्हणाली. "पाटी बघितली. पण नसती बघितली तरी ठाऊक होतं अक्का. माझे बाराच झाले होते."

चारच्या सुमाराला फाटकाशी गलका झाला. अण्णा आला होता आणि त्याच्यामागे त्याचा सगळा संघ, पांढऱ्या कपड्यांत, गुडघ्यांना माती लागलेली. मॅच लवकर आटोपली होती, कारण ही मंडळी लवकर बाद झाली होती. मी अम्मांना कळवलेली सकाळची हकिगत त्यांनी फोनवर अण्णाला सांगितली आणि त्यानं ती ड्रेसिंगरूममध्ये सांगितली. सगळे तसेच स्कूटरवर डबलसीट, ट्रिपलसीट बसून आले. पायऱ्यांवर ओळीनं बसले. त्यांच्यातल्या एकानंही आयुष्यात पोहण्याची शर्यत बघितली नव्हती. कुठं टाळ्या वाजवायच्या तेही त्यांना माहीत नव्हतं.

मुख्य पंच घंटा दुसऱ्या कोणाकडे द्यायला निघाले होते. अंपायर एका बाजूला उभे होते, खिशात हात घालून. ती उडी मारायच्या ब्लॉककडे जाता जाता थांबली आणि तमिळमध्ये म्हणाली, घंटा सरांकडेच राहू दे, ते आता चुकणार नाहीत. तिचा आवाज सकाळी मला "पुरे" म्हणाली तेवढाच शांत होता. मला तिच्या जागी उभी राहिलेली मी दिसली आणि मी काय केलं असतं तेही दिसलं. काही माणसं मोठी असतात आणि त्यासाठी त्यांना काही करावं लागत नाही, हे मी तोवर नुसतं ऐकून होते.

पाटी अण्णानं मागितली. ती म्हणाली, "अक्काच बसूं दे." मी पुन्हा गुडघ्यांवर बसले.

संध्याकाळची शर्यत सकाळसारखी नव्हती. सहाव्या-सातव्या लॅपपासून तिचे खांदे जड झालेले मला पाण्याखाली दिसत होते. श्वास घ्यायला ती तोंड जास्त वळवत होती. भिंतीवरचा पायांचा हादरा हलका लागत होता. सकाळी वाचलेल्या दोन लॅपची ताकद घेऊन एक कॉलेजातली मुलगी तिच्या खांद्याला खांदा लावून येत होती. मी सात दाखवले तेव्हा दोघी बरोबर होत्या. पाच दाखवले तेव्हा ती मुलगी हातभर पुढे गेली. पायऱ्यांवर टाळ्या वाजवणारी पांढऱ्या कपड्यांतली पोरं एकेक करत गप्प झाली. त्यांचा विकेटकीपर काठापर्यंत उतरून आला होता आणि मला तमिळमध्ये विचारत होता, "अहो, ती श्वास कधी घेते?"  मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. त्या दमलेल्या शरीरात डोळे मात्र सकाळचेच होते, आकडा बघणारे आणि बाकी काही न बघणारे.

घंटा वाजली, आणि या वेळी बरोबर वाजली. मी एक दाखवला. ती वळली, आणि ज्या पायांचा हादरा इतका वेळ मला जेमतेम लागत होता त्यांनी भिंतीला अशी लाथ मारली की माझ्या तोंडावर पाणी उडालं. मी पाटी टाकून काठानं तिच्याबरोबर धावायला लागले. माझ्याबरोबर विकेटकीपर धावत होता, पलीकडून अण्णा धावत होता. कोणीच ओरडत नव्हतं, आमच्या पायांचा ओल्या फरशीवर होणारा आवाज तेवढा होता. कॉलेजातल्या मुलीच्या कंबरेशी ती आली, मग खांद्याशी, मग हाताशी. दोघींनी भिंतीला हात लावला तेव्हा पुढे कोण हे मला कळलंच नाही.

पण प्रश्न पुढे कोण हा नव्हताच. तिच्या लेनवरची तीन घड्याळं एकत्र आणली गेली. तिघांतली मधली वेळ धरतात, असा नियम. एक घड्याळ ठरलेल्या वेळेच्या बाहेर होतं. दुसरं आत होतं. तिसरं बघायला मुख्य पंचांनी चष्मा पुसला. तेही आत होतं, अगदी जेमतेम.

अण्णा काठावरून पांढऱ्या कपड्यांसकट पाण्यात उतरला. संघातली पोरं काय करावं न कळून उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि त्या कितीतरी वेळ थांबेनात. अंपायरांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली होती आणि ते तोंड फिरवून रडत होते. ती भिंतीला धरून नुसती श्वास घेत होती. गॉगल काढल्यावर डोळ्यांभोवतीचे वळ लालभडक दिसत होते. मी वाकून तिला सांगितलं, झालं गं, संघात आलीस, आता तुला कोणी कुठं पाठवत नाही. तिनं मान हलवली. हसलीही. मग माझ्याकडे बघून, बाकी कोणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात ती म्हणाली, "सकाळचं याहून चांगलं होतं अक्का."

"किती?" मी विचारलं.

तिनं पाण्यातून हात वर काढला, ओल्या फरशीवर आडवा ठेवला आणि सकाळची ती आत्ताच्या तिच्याहून किती पुढे होती, ते दुसऱ्या हाताच्या बोटानं कोपरापासून मनगटाच्या थोडं पुढपर्यंत मला मोजून दाखवलं.